पाण्याचे डोळे : साल्गादो यांचीं अरण्यचित्रें

कला जीवनासाठीं कीं कलेसाठीं, हा वाद आमच्या मराठी वाङ्मयांत फडके व खांडेकर यांच्या काळीं इतका घुसळला गेला कीं, त्यांतून आतां नवें लोणी निघेल अशी आशा सहसा कोणी धरीत नाहीं. परंतु जुने वाद मरत नाहींत. ते वस्त्रें पालटून पुन्हां दारांत उभे राहतात. अलीकडे हाच वाद नदी, सागर व पर्जन्यारण्य यांच्या रक्षणाच्या प्रश्नाचें वस्त्र पांघरून आला आहे. कलावंतानें अरण्य दाखवावें तें कशासाठीं? पाहणाऱ्याचा डोळा सुखावा म्हणून, कीं अरण्य वांचावें म्हणून? आणि दुसरा हेतु धरला, तर चित्राचें सौंदर्य त्या हेतूस साह्य करितें कीं त्याच्या आड येतें? या प्रश्नाचा विचार मोघमपणें करण्यापेक्षां तो एखाद्या थोर कलावंताच्या कृतीवर घासून पाहावा, हें अधिक बरें. असा कलावंत म्हणजे 23 मे 2025 रोजीं पॅरिस येथें निवर्तलेले ब्राझीलचे छायाचित्रकार सेबास्तियांव साल्गादो.

साल्गादो यांचा जन्म 1944 सालीं ब्राझीलमधील मिनास जेराइस प्रांतांत, ऐमोरेस या गांवीं झाला. शिक्षणानें ते अर्थशास्त्रज्ञ. मायदेशांतील लष्करी राजवटीमुळें 1969 सालीं ते पत्नी लेलिया यांच्यासह पॅरिसला गेले. पुढें लंडनच्या आंतरराष्ट्रीय कॉफी संघटनेंत नोकरी करीत असतां आफ्रिकेच्या दौऱ्यांत त्यांस कॅमेऱ्याचा लळा लागला, आणि 1973 सालीं चांगली नोकरी सोडून त्यांनीं हाच व्यवसाय पत्करला. साहेल प्रदेशांतील दुष्काळ, सेर्रा पेलादा येथील सोन्याच्या खाणींत चिखलानें माखून शिड्या चढणारे हजारों मजूर, यांच्या चित्रांनीं त्यांचें नांव जगभर झालें. 1993 सालच्या त्यांच्या श्रमिकांवरील ग्रंथांत धनबादच्या कोळशाच्या खाणी आहेत व राजस्थानच्या कालव्याचें खोदकामहि आहे. 2000 सालीं देशोधडीस लागलेल्या माणसांवरील ग्रंथ निघाला. या कामासाठीं रुवांडांतील 1994 सालच्या नरसंहाराचे जे प्रकार त्यांनीं डोळ्यांनीं पाहिले, त्यांनीं माणसाविषयींची त्यांची श्रद्धाच ढासळली. तेथून ते वळले ते झाडांकडे, समुद्राकडे, बर्फाकडे. 2013 सालीं ‘जेनेसिस’ व 2021 सालीं ‘अमाझोनिया’ हे त्यांचे दोन मोठे चित्रसंग्रह प्रसिद्ध झाले.

साल्गादो यांच्यावरील टीका त्यांच्या कीर्तीइतकीच जुनी आहे. 1991 सालीं इन्ग्रिड सिशी या अमेरिकन टीकाकर्त्रीनें असा आक्षेप घेतला कीं, दुःखास इतकें सुंदर रूप दिलें म्हणजे पाहणारा हळहळतो, पण हात हालवीत नाहीं. 2003 सालीं सुसान सोंटाग यांनीं दुसरें बोट ठेविलें. स्थलांतरितांच्या चित्रांखालीं त्या माणसांचीं नांवें नाहींत. प्रसिद्ध माणसाचें नांव सांगावयाचें आणि दुबळ्यास केवळ त्याच्या दैन्याचा नमुना म्हणून उभें करावयाचें, हा अन्याय आहे. शिवाय दुःखाचा पसारा जगाएवढा करून दाखविला कीं कोणतीहि मदत थिटीच वाटूं लागते, असें त्यांचें म्हणणें. या दुसऱ्या आक्षेपाचें कांहीं परिमार्जन ‘अमाझोनिया’ संग्रहांत झालेलें दिसतें. तेथें अरण्यवासी जमातींच्या स्त्रीपुरुषांचीं नांवें, त्यांचीं गांवें व त्यांच्या नद्या चित्रांखालीं दिलेल्या आहेत. पहिला आक्षेप मात्र माणसांवरून झाडांवर आला, तरी तसाच उभा आहे. आमच्या विवेचनाचा खरा विषय तोच.

आतां चित्रांकडे वळूं. ‘अमाझोनिया’ पाहणाऱ्यास पहिला धक्का बसतो तो असा, कीं या जगप्रसिद्ध हिरव्या अरण्यांत हिरवा रंगच नाहीं. साल्गादो यांचें हें सर्व काम कृष्णधवल. आमच्या मतें हा त्यांचा मोठा विवेक होय. हिरवा रंग हा डोळ्यांचा लाडका रंग. तो दिसला कीं मन संतुष्ट होतें व पुढें पाहण्याचें सोडून देतें. साल्गादो यांनीं हा प्रसाद वाटण्याचें नाकारिलें. रंग काढून घेतल्यावर उरतात तीन वस्तु : प्रकाश, काळोख आणि बाष्प. झाडांचे शेंडे मेंढीच्या लोंकरीप्रमाणें दाट व काळसर दिसतात. त्यांतून वळसे घेत जाणारी नदी वितळलेल्या चांदीसारखी चमकते. आणि या दोहोंच्या मध्यें कोठें धुकें, कोठें ढग, कोठें पाऊस. रंग असता तर ही तिसरी वस्तु आपल्या ध्यानांतहि आली नसती.

या संग्रहांतील निसर्गचित्रांचे, गुणांच्या दृष्टीनें, दोन वर्ग पडतात, आणि हा भेद टीकाकारांनीं पुरेसा ओळखलेला नाहीं. पहिला वर्ग पर्वतांचा व विस्ताराचा. ब्राझीलचें सर्वांत उंच शिखर, पिको दा नेब्लिना; त्याच्या आसपासचे कडे; रिओ नेग्रो नदींतील आनाविल्यानास हा बेटांचा समूह. हीं चित्रें लष्कराच्या हेलिकॉप्टरांतून, उंचावरून घेतलेलीं आहेत. त्यांची रचना निर्दोष आहे, प्रकाशाची योजना नाट्यपूर्ण आहे, आणि तरीहि आमची त्यांच्याविषयीं एक तक्रार आहे. तीं पाहतांना असें वाटतें कीं हें सारें अनादि आहे व अनंत आहे. आमच्या साहित्यशास्त्राच्या भाषेंत सांगावयाचें तर येथें विस्मय हा स्थायिभाव असून रस अद्भुत आहे, आणि बराच वेळ पाहत राहिल्यास तो शांतांत विलीन होतो. रसिकाच्या दृष्टीनें हा लाभच. परंतु जें अनादि व अनंत आहे त्याच्या रक्षणाची चिंता कोण करील? सूर्य मावळल्यावर तो उद्यां उगवावा म्हणून कोणी पहारा बसवीत नाहीं. रक्षणास लागतो तो उत्साह, आणि तो वीररसाचा स्थायिभाव आहे. शांतांत त्याचा उगम होत नाहीं.

इंग्रजी साहित्यविचाराच्या आधारें हीच गोष्ट आणखी एका बाजूनें पाहतां येईल. एडमंड बर्क यानें 1757 सालच्या आपल्या ग्रंथांत भव्यतेची मीमांसा करितांना म्हटलें कीं, जें भीतिदायक असून आपणांस प्रत्यक्ष इजा करूं शकत नाहीं, त्याच्या दर्शनानें एक विलक्षण आनंद होतो. म्हणजे भव्य वस्तु बलवान, पाहणारा दुर्बल. पण मध्यें अंतर असल्यामुळें तो सुरक्षित. साल्गादो यांचे कडे आणि मेघ अगदीं याच जातीचे आहेत. परंतु अमेझॉनच्या बाबतींत खरी स्थिति नेमकी उलट आहे. तेथें दुर्बल आहे तें अरण्य, आणि बलवान आहे तो चित्रापुढें उभा असलेला मनुष्य. धोका दृश्याकडून पाहणाऱ्यास नाहीं. पाहणाऱ्याकडून दृश्यास आहे. गेल्या सुमारें पन्नास वर्षांत या अरण्याचा सहावा हिस्सा माणसानें नाहींसा केला. भव्यतेचा जुना सांचा हें उलटें झालेलें नातें झांकून टाकतो, आणि जो घातक आहे त्यास भाविक यात्रेकरू झाल्याचें समाधान देतो. सिशीबाईंच्या आक्षेपांत जें सत्य आहे तें आमच्या मतें इतकें आहे. सौंदर्य हा दोष नव्हे, सौंदर्याचा हा विशिष्ट सांचा दोषास्पद आहे.

कारण दुसऱ्या वर्गाचीं चित्रें सौंदर्यांत तिळमात्र कमी नाहींत, आणि तरीहि त्यांचा परिणाम निराळा होतो. हीं पावसाचीं चित्रें. कोठें सकाळच्या प्रहरीं झाडांच्या माथ्यांवरून वाफ निघतांना दिसते. कोठें तीच वाफ पुढें ढगांचे पुंज झालेली आहे. आणि कोठें दूरवर, दोन्ही बाजूंस उजेड असतां, एकाच जागीं पाऊस स्तंभासारखा उभा कोसळत आहे. हीं चित्रें समजण्यासाठीं थोडें शास्त्र ठाऊक असावें लागतें, तें येथें सांगतों.

अरण्यास पाऊस लागतो हें सर्वांस ठाऊक आहे. पाऊस पाडण्यास अरण्य लागतें, हें कांहीं काळापूर्वीं शास्त्रज्ञांसहि नीटसें ठाऊक नव्हतें. गेल्या शतकाच्या आठव्या दशकांत एनेआस सालाती या ब्राझीलच्या शास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं पाण्यांतील समस्थानिकांचें मोजमाप करून दाखविलें कीं, अमेझॉनच्या खोऱ्यांत पडणाऱ्या पावसाचा जवळजवळ अर्धा भाग त्याच अरण्यानें परत आकाशांत धाडलेल्या पाण्याचा असतो. एक मोठा वृक्ष मुळांनीं पाणी ओढून दिवसाकांठीं शेंकडों लिटर बाष्प पानांवाटे सोडतो. साऱ्या अरण्याचा हा हिशेब शास्त्रज्ञ रोजचा सुमारें 20 अब्ज टन इतका धरतात. खुद्द अमेझॉन नदी दिवसाला समुद्रास देते तें पाणी त्यांच्या अंदाजें 17 अब्ज टन. म्हणजे डोळ्यांस दिसणाऱ्या नदीहून मोठी, न दिसणारी नदी झाडांच्या माथ्यावरून वाहत असते. ती समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यांबरोबर पश्चिमेस जाते, आंदीज पर्वतास अडून दक्षिणेस वळते, आणि शेंकडों कोसांवरील शेतांवर व शहरांवर पाऊस होऊन उतरते. ब्राझीलमध्यें या प्रवाहांस ‘उडत्या नद्या’ असें नांव पडलें आहे.

ही उडती नदी दाखविणें हें साल्गादो यांचें खरें यश. शास्त्रज्ञानें ती मोजली, पण मोजलेली वस्तु मनांत रुजतेच असें नाहीं. 20 अब्ज टन हा आंकडा वाचून कोणाचाहि श्वास अडत नाहीं. पानापानांतून उठणारी ती वाफ पाहून अडतो. आणि विशेष हा, कीं या चित्रांत अरण्य ही एक वस्तु राहत नाहीं, ती एक क्रिया होते. पर्वत ‘आहे’, पाऊस ‘पडत आहे’. जें आहे तें राहीलच असें वाटतें; जें चाललें आहे तें थांबूं शकतें, ही जाणीव त्याच्या पोटांतच असते. म्हणून अनंतकाळाची गुंगी येथें येत नाहीं. विस्मय तर वाटतोच, पण त्या विस्मयास भयाची व ममतेची एक कड असते. अंगणांत खेळणारें मूल पाहतांना आईच्या मनास असते तशी.

येथें आमच्या वाचकांस मेघदूताची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. ज्या रामगिरीस महामहोपाध्याय मिराशी यांनीं आमचें रामटेक मानिलें, त्या गिरीवरून निघालेला कालिदासाचा मेघ वाटेंत रेवेचें, वेत्रवतीचें पाणी पितो व पुढें वर्षाव करीत अलकेस जातो. मेघ नदीपासून घेतो व भूमीस देतो, हें कवीनें ओळखिलें होतें. त्या मेघास त्यानें मन दिलें, मैत्री दिली, निरोप पोंचविण्याचें दाक्षिण्य दिलें. साल्गादो यांचा मेघ कोणाचा दूत नाहीं. त्यास मन नाहीं, पण जन्मस्थान आहे. तो कोठून आला, हें त्याच चित्रांत खालीं पसरलेल्या झाडांकडे पाहिलें म्हणजे कळतें. कालिदासाच्या काळीं मेघाचा जन्म हा चिंतेचा विषय नव्हता. यक्षास चिंता होती ती मेघ वाटेंत रेंगाळेल याची. आज चिंता आहे ती तो जन्मासच येईल कीं नाहीं याची. एकाच विषयावरील दोन कलांत जो फरक पडला आहे तो रुचीचा नव्हे, काळाचा आहे.

आतां एक आक्षेप उरतो व तो सर्वांत जड आहे. या संपूर्ण संग्रहाचा भर जिवंत अरण्यावर आहे. तोडलेलें, जळलेलें अरण्य त्याचा विषय नाहीं. साल्गादो यांनीं हें हेतुपुरस्सर केलें. जें उरलें आहे त्याचें मोल कळावें, हा त्यांचा उद्देश होता व त्यांनीं तो उघड सांगितलाहि. जळलेल्या झाडांचीं चित्रें वर्तमानपत्रांतून पुष्कळ येतात, व तीं पाहून डोळे निबर होतात, हें कबूल आहे. तथापि कुऱ्हाड अजिबात वगळली म्हणजे ती दुसऱ्या कोणाच्या तरी हातीं आहे असा समज होतो. आणि साल्गादो यांस कुऱ्हाड कोणाच्या हातीं असते हें चांगलें ठाऊक होतें. कालाची गति एका चित्रांत धरण्याची शक्तीहि त्यांच्या ठायीं होती. याचा पुरावा पाहण्यास लांब जावयास नको. मुंबईच्या चर्चगेट स्थानकाचें 1995 सालचें त्यांचें चित्र पाहावें. दोन बाजूंस दोन आगगाड्या स्तब्ध उभ्या आहेत, आणि कॅमेऱ्याचा पडदा जरा अधिक वेळ उघडा ठेवल्यामुळें मधली गर्दी धूसर होऊन पुरासारखी वाहत आहे. चाकरमान्यांची नदी! ज्या हातानें फलाटावरचा लोंढा असा धरला, त्यानें अरण्याचें आटणें धरूं नये, याची चुटपुट लागते.

ही चुटपुट ज्यानें पुष्कळशी दूर होते, तें साल्गादो यांचें दुसरें काम. तें कॅमेऱ्यानें केलेलें नाहीं. ऐमोरेस येथें त्यांच्या वडिलांची बुल्कांव नांवाची सुमारें 700 हेक्टरांची जमीन होती. साल्गादो यांच्या बालपणीं तिच्यावर अटलांटिक किनारपट्टीचें पर्जन्यारण्य होतें. अमेझॉनहून हें निराळें, आणि माणसानें त्याहून किती तरी अधिक संहारिलेलें. वडिलांनीं मुलांच्या शिक्षणासाठीं लांकूड विकलें, गुरें चारलीं. आणि रुवांडाहून मन मोडून आलेला मुलगा तेथें गेला तेव्हां टेंकड्या उघड्या पडल्या होत्या, ओढे कोरडे होते. येथें पुन्हां अरण्य उभारावें, ही कल्पना लेलिया यांची. 1998 सालीं उभयतांनीं ‘इन्स्तितुतो तेर्रा’ ही संस्था काढली, पुढल्या सालीं लागवड सुरू केली, आणि तेव्हांपासून शेंकडों जातींचीं 20 लाखांहून अधिक झाडें तेथें लागलीं. झाडांमागून पक्षी आले, प्राणी आले. आणि आटलेले झरे पुन्हां वाहूं लागले. पोर्तुगीज भाषेंत झऱ्यास ‘पाण्याचा डोळा’ म्हणतात. संस्थेनें आसपासच्या शेतकऱ्यांचे झरे राखण्याची जी योजना पुढें काढली, तिचें नांवहि ‘पाण्याचे डोळे’ असेंच आहे.

या टेंकडीचीं, लागवडीपूर्वींचें एक व नंतरचें एक, अशीं दोन चित्रें संस्थेमार्फत प्रसृत झालेलीं आहेत. त्यांत कोणतीहि कलाकुसर नाहीं. शेतकी खात्याच्या अहवालांत शोभावीं अशीं तीं आहेत. पण तीं शेजारीं ठेवलीं म्हणजे त्यांच्या मधल्या रिकाम्या पट्टींत वीस वर्षांचा काल उभा राहतो. कोणी तोडलें, कोणी लाविलें, किती वेळ लागला, हें सर्व त्या पट्टींत आहे. पर्वतांच्या भव्य चित्रांत ज्याची उणीव भासते तें हेंच. म्हणून केवळ कलेच्या दृष्टीनेंहि आम्ही असें म्हणतों कीं, बुल्कांवचीं साधीं चित्रें व अमाझोनियांतील पावसाचीं चित्रें एका भिंतीवर असावींत. एक दुसऱ्याचें भाष्य आहे.

मात्र येथें एका मोहापासून सावध राहिलें पाहिजे. कलावंतानें झाडें लाविलीं म्हणून त्याचें चित्र चांगलें ठरत नाहीं, जसें कवीनें दानधर्म केला म्हणून त्याचें वृत्त सुधारत नाहीं. उलट बाजूनेंहि हाच न्याय लावावा लागतो. ‘जेनेसिस’ प्रदर्शनास ‘वाले’ या खाणकंपनीचा आश्रय होता, व त्यावरून 2013 सालीं लंडनमध्यें निषेधहि झाला. या कंपनीचें मूळ नांव रिओ दोसे, म्हणजे ‘गोड नदी’, हिच्यावरूनच पडलेलें. आणि याच नदीच्या कांठीं ऐमोरेस वसलें आहे. 5 नोव्हेंबर 2015 रोजीं मारियाना येथें, वाले व बी. एच. पी. बिलिटन यांच्या सामायिक मालकीच्या सामार्को कंपनीचें फुंदांव हें खाणीच्या गाळाचें धरण फुटलें. 19 माणसें दगावलीं. आणि तो लालसर चिखल रिओ दोसेंतून 600 किलोमीटरांहून अधिक वाट कापून त्याच महिन्यांत अटलांटिक समुद्रांत शिरला. या पैशामुळें ‘जेनेसिस’मधील व्हेलच्या शेपटीचें किंवा किल्ल्याच्या बुरुजासारख्या हिमनगाचें चित्र कुरूप होतें काय? होत नाहीं. पण त्यांतील निष्कलंक सागराची शांति अधिक संशयास्पद होते, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. जी शांति कोणासच अडचणींत टाकीत नाहीं, ती खाणवाल्यासहि आवडते. कुऱ्हाड वगळल्याची किंमत ती हीच.

तेव्हां आरंभींच्या वादाचा आमच्यापुरता निकाल असा. चित्र अरण्य राखीत नाहीं. अरण्य राखतात तीं माणसें, कायदे व कष्ट. चित्राचें काम, जें आपल्या कल्पनेच्या आवांक्यांत येत नाहीं त्यास रूप देणें, एवढेंच. परंतु हें काम लहान नव्हे. झाडें म्हणजे पाणी, हें वाक्य शाळेच्या पुस्तकांत असतें व तेथेंच राहतें. साल्गादो यांच्या पावसाच्या चित्रांत तें डोळ्यांपुढें घडतें. सौंदर्य रक्षणाच्या आड येतें तें केव्हां, तर तें वस्तूचा काल काढून घेऊन तिला अमर करितें तेव्हां. आणि साह्य करितें तें केव्हां, तर वस्तु या क्षणीं चालली आहे, आणि म्हणून थांबूंहि शकेल, हें तें दाखवितें तेव्हां. या मापानें मोजतां ‘अमाझोनिया’ संग्रहांतील शिखरें कालांतरानें भिंतीची शोभा होऊन राहतील, असें आम्हांस वाटतें. त्यांतील पाऊस मात्र पाहणाऱ्याचा पिच्छा सोडणार नाहीं.